लाल टिपका नसलेल्या नळ्या

सर, तुमच्या तेराव्याच्या जेवणाला मी आले नाही. वहिनींनी स्वतः फोन केला होता. "मंगलाबाई, या हं नक्की. ह्यांना तुमच्या चकल्या फार आवडायच्या, जमलं तर चार घेऊन या." चकल्या मी केल्या आणि नवऱ्याबरोबर ऑटोने पाठवून दिल्या. तुमच्या घरी पानं मांडली गेली असतील, तेव्हा मी तुमच्या प्रयोगशाळेत तुमच्याच ओट्यापाशी उभी राहून प्रयोगाचं जेल चालवत होते. चार वर्षांनी त्या खोलीत पाय ठेवला होता. हात जरासुद्धा थरथरले नाहीत, हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण माझे हात गेलेत असं तुम्ही सगळ्या संस्थेला सांगितलं होतं.

संस्थेच्या कार्यालयातून तुमच्या आठवणींची पुस्तिका निघते आहे. नऊ वर्षं तुमच्या हाताखाली तंत्रसाहाय्यक होते म्हणून मलाही एक पान दिलंय. त्या पानावर मी लिहिलंय की सर शिस्तीचे होते आणि मराठी सुंदर बोलत. दोन्ही खरं आहे. बाकीचं इथे लिहिते आहे. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, पण तुमच्याविषयी कुठे बोलते आहे मी? तुमच्याशीच बोलते आहे.

पहिला दिवस आठवतो? चिकपेटातल्या शिंप्याची मुलगी, बीएस्सी, मराठी अशी कन्नड मिसळलेली की तुम्हाला हसू आवरेना. "स्वल्प थांबा सर, बाटली सरी बसली नाही," असं मी म्हटलं आणि तुम्ही पुण्याचे, चष्मा काढून हसत सुटलात. "मंगलाबाई, तुमचे पूर्वज इकडे आले तेव्हाची मराठी तुम्ही बरणीत घालून ठेवलीत की काय?" मला राग आला नाही. आमच्याशी मराठीत बोलणारं माणूस घराबाहेर भेटतं कुठे? त्या दिवसापासून प्रयोगशाळेत सगळ्यांची मी अक्का झाले आणि तुमची मंगलाबाई.

आपण काय शोधतोय, तेही तुम्ही त्याच दिवशी माझ्या बापाच्या दुकानाचं उदाहरण देऊन सांगितलंत. पोटातल्या बाळाच्या रक्तात एक ग्लोबिन असतं, जन्मल्यावर त्याचं जनुक बंद होत जातं आणि मोठ्या माणसाच्या ग्लोबिनचं जनुक चालू होतं. एका दुकानाचं शटर खाली, दुसऱ्याचं वर. "हे शटर ओढणारा कुणीतरी आहे, मंगलाबाई. एखादं प्रथिन, जे नेमकं त्या जनुकाच्या दारात डीएनएला धरून बसतं. ते सापडलं, तर त्याला तिथून उठवता येईल. थॅलेसेमियाच्या मुलांचं मोठेपणीचं दुकान मोडकं असतं. त्यांना बाळपणीचं उघडून देता येईल." मी घरी जाऊन हे सगळं नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तो पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो, त्याला यंत्राची भाषा कळते. म्हणाला, म्हणजे तुझे सर स्विच शोधतायत.

मग पाच वर्षं आपण त्या स्विचमागे होतो. पेशी वाढवायच्या, त्यांची केंद्रकं फोडायची, आतल्या प्रथिनांचा अर्क काढायचा. तो अर्क जनुकाच्या दारातल्या डीएनएच्या तुकड्याबरोबर मिसळून जेलच्या लिबलिबीत थरातून वीज सोडायची. तुकड्याला किरणोत्सारी खूण केलेली असायची. मोकळा तुकडा सुळकन खाली पळतो. ज्याला प्रथिन धरून बसलंय, तो अडखळत वरच राहतो. फिल्मवर त्याची काळी पट्टी उमटते. बाहेरून आणलेल्या यंत्राचा, जेलमध्ये नमुन्यांसाठी खड्डे पाडणारा कंगवा मोडला, तेव्हा माझ्या नवऱ्याने पीण्याच्या वर्कशॉपमध्ये अॅक्रिलिकचा नवा कापून दिला, दहा दातांचा. तुम्ही तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचात. फिल्म धुऊन आणली की तुम्ही ती तुमच्या खोलीच्या खिडकीच्या काचेला टेकवायचात आणि बाजूला सरून म्हणायचात, "वाचा, मंगलाबाई." मला वाचायला तुम्ही शिकवलंत. मोठमोठ्या पदव्या घेतलेली मुलं मागे उभी असायची आणि तुम्ही आधी मला विचारायचात. त्या खिडकीपाशी मी जितकी सुखी होते तितकी फार थोड्या ठिकाणी होते.

अर्क काढणं म्हणजे घाईशी झुंज. पेशी फुटली की तिच्यातलेच कुरतडणारे एन्झाइम सुटतात आणि प्रथिनं खायला लागतात. त्यांना मारायला एक औषध घालायचं, पीएमएसएफ. पाण्यात पडलं की ते फार वेळ टिकत नाही, म्हणून आधी मिसळून ठेवता येत नाही. ज्या त्या वेळी ताजं घालायचं. आपण सगळे त्याला नुसतं विष म्हणायचो. "अक्का, विष घातलं?" "घातलं रे बाबा." माझी एक सवय होती. विष घातल्याशिवाय मी नळीच्या झाकणावर लाल टिपका देत नसे. टिपका नाही ती नळी कुणी हातात घ्यायची नाही, हा माझा कायदा. तुम्ही त्याला मंगलाबाईंचं कुंकू म्हणायचात.

आणि मग तो रविवार आला. सोमवारी परदेशचे पाहुणे यायचे होते. बाळाच्या जातीच्या पेशींचा अर्क मी शुक्रवारीच काढून, टिपके देऊन ठेवला होता. मोठ्या माणसाच्या पेशी अजून तयार व्हायच्या होत्या. रविवारी माझ्या नणंदेच्या मुलाचं बारसं होतं. तुम्ही म्हणालात, "जा हो तुम्ही, मी काढतो. मीही एके काळी हे करत होतो." सोमवारी सकाळी आले तर फ्रीजरमध्ये आठ नळ्या, तुमच्या निळ्या शाईतल्या अक्षराच्या. एकीवरही टिपका नाही.

"सर, विष घातलं होतं ना?"

"घातलंय हो, घातलंय. तुमचं कुंकू तेवढं राहिलं."

मी विषाची बाटली पाहिली. तिच्या झाकणावर शुक्रवारी मी लावलेली चिकटपट्टी तशीच होती, माझ्या सहीसकट, कुणी नखही लावलेलं नव्हतं. तुम्ही विसरला होतात, सर. पंधरा वर्षांनी अर्क काढायला बसलेला माणूस विसरणारच. त्यात काही पाप नव्हतं.

दोन दिवसांनी फिल्म आली. बाळाच्या पेशींत नेहमीची एकच पट्टी वर. मोठ्या माणसाच्या पेशींत ती जवळजवळ गायब आणि तिच्याखाली एक नवीन, ठसठशीत. तुम्ही खिडकीपाशी उभे राहिलात आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंगलाबाई, हा बघा शटरवाला. मोठ्यांत आहे, बाळात नाही." त्या दिवशी तुम्ही मला वाचायला सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं की हा नवा कुणी नाही, हा आपलाच जुना, अर्धा खाल्लेला. वरच्या प्रथिनाचा उरलेला बुडखा, डीएनएला तेवढ्यानेही चिकटतो, फक्त लहान असल्यामुळे खाली उतरतो. फरक पेशींमधला नव्हता. एक अर्क माझ्या हातचा होता आणि एक तुमच्या. एवढाच फरक.

पण मी गप्प बसले. तुमचा चेहरा बघून माझी जीभ उचलली नाही. ही माझी चूक, आणि ती मी तुमच्या खात्यावर टाकत नाही.

त्या आठ नळ्यांवर तुम्ही सहा महिने जेल चालवलेत, निबंध छापलात. वर्तमानपत्रात बातमी आली. निबंधाच्या शेवटी आभार होते, त्यातली एक ओळ तुम्ही मला बोटाने दाखवलीत: उत्कृष्ट तांत्रिक साहाय्याबद्दल मंगला यांचे आभार. माझ्या बापाला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याने त्या पानाची झेरॉक्स करून दुकानात शिवणयंत्राच्या वर लावली. गिऱ्हाइकाला दाखवायचा, "नोडी, नम्म मगळु." पाहा, आमची लेक. तो गेला तेव्हाही ते पान तिथेच होतं.

बातमीनंतर पत्रं यायला लागली. तुमची डाक मीच फोडायची. हुबळी, नागपूर, मदुराई. थॅलेसेमियाच्या मुलांचे आईबाप. कुणी मुलीचा फोटो पाठवायचं, कुणी रक्ताचे कागद. औषध कधी निघेल, साहेब? तुम्ही सगळ्यांना धीराचं उत्तर टाइप करून घेत होतात आणि मी पाकिटं चिकटवत होते. प्रत्येक पाकिटाला जीभ लावताना मला तोंडात कडू लागायचं. तेव्हाच मी उरलेल्या नळ्यांपैकी दोन उचलल्या, एका डब्यात घातल्या आणि वर लिहिलं, 'जुनं सीरम, टाकू नये.' तो डबा फ्रीजरच्या तळाशी गेला.

नळ्या संपल्या आणि तुमची पट्टी संपली. मी नवे अर्क काढले, विष घालून, टिपके देऊन. खालची पट्टी येईना. तुम्ही चिडचिड करू लागलात. पाणी बदललं, मीठ बदललं, शेवटी माझ्यावर ओरडलात, तेही शैलजासमोर. ती नागपूरहून नुकतीच पीएचडीला आली होती आणि तुम्ही तिला तीच पट्टी शोधायला बसवलं होतं. दोन वर्षं ती पोर ती पट्टी शोधत होती. मग परदेशातल्या एका प्रयोगशाळेचा फॅक्स आला: आम्हाला तुमचं प्रथिन सापडत नाही, तुमचा अर्क पाठवाल का?

त्या दिवशी मी दार लावून तुम्हाला सगळं सांगितलं. बाटलीची चिकटपट्टी, टिपके, सगळं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. रागावलाही नाहीत. पेनाचं टोपण लावलंत आणि म्हणालात, "मंगलाबाई, अर्क काढणं तुमचं काम. अर्थ काढणं माझं."

किती छान वाक्य होतं ते. तुमची वाक्यं छानच असायची. मी जिना उतरून गेटपर्यंत आले तोवर मला ते वाक्य आवडत होतं, बसमध्ये बसल्यावर रडू आलं.

आठवड्याने तुमचं उत्तर फॅक्सने गेलं. ऑपरेटर आमच्या गल्लीतली, तिने मला वाचून दाखवलं. नंतरचे नमुने तयार करण्यात आमच्या साहाय्यकाकडून हलगर्जी झाली असावी, संबंधित व्यक्तीला या कामावरून दूर केलं आहे. निबंध मागे घेतला नाहीत. पट्टीही सोडली नाहीत. पट्टी तुमची राहिली आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं. महिनाअखेरीस मी भांडारात होते, हातमोजे आणि काचेच्या बरण्या मोजत.

सर, बदलीबद्दल मी तुम्हाला कदाचित माफ केलं असतं. पण त्यानंतर तुम्ही माझ्याशी मराठी बोलणं बंद केलंत. भांडाराच्या खिडकीशी यायचात आणि इंग्रजीत सांगायचात, दोन डबे पिपेटच्या टिप्स, प्लीज. जणू नऊ वर्षं तुम्ही मला ओळखतच नव्हता. माझा राग त्या प्लीजवर वाढला. मी तो चार वर्षं पेशी वाढवतात तसा वाढवला, वेळेवर, निगुतीने, एकदाही न चुकता. महिन्यातून एकदा प्रयोगशाळेबाहेरच्या बोळातला फ्रीजर तपासायचं काम भांडाराकडे होतं. मी दर महिन्याला तळाचा डबा बघून यायचे.

तुम्ही जायच्या महिनाभर आधी पुन्हा खिडकीशी आलात. फार उतरला होतात. छातीचं दुखणं सुरू झालंय हे कानावर आलंच होतं. मग चार वर्षांनी पहिल्यांदा म्हणालात, "मंगलाबाई."

मी वर पाहिलं.

"त्या जुन्या नळ्या... माझ्या हातच्या. एखादी कुठे राहिलीय का हो?"

तुमचा आवाज मऊ होता. दोन मजले वर फ्रीजरच्या तळाशी त्या दोन नळ्या होत्या. तुम्हाला त्या कशासाठी हव्या होत्या, सर? नाहीशा करायला? की एकदा स्वतः जेल चालवून, त्या फॅक्सला खरं उत्तर लिहायला? तुमच्या डोळ्यांकडे पाहून मला वाटलं, दुसरं. आजही तसंच वाटतं. आणि तसं वाटलं म्हणूनच मी कन्नडमध्ये उत्तर दिलं. तुम्ही माझ्याशी जसं परक्यासारखं बोलत होतात, अगदी तसं.

"इल्ला, सर." नाहीत.

तुम्ही मान हलवलीत. "बरं," म्हणालात आणि गेलात. काही न्यायलासुद्धा विसरलात. चूक सुधारायची शेवटची संधी मागायला तुम्ही माझ्या दारात आला होतात आणि मी शटर ओढलं. तुम्हाला स्वतःच्या तोंडाने कबूल करून, मोठ्या मनाचे म्हणून मिरवायला मिळू नये, असं मला वाटलं. त्याची मला लाज वाटायला हवी. शोधून पाहिली, सापडली नाही. रात्री झोप मात्र लागली नाही, आणि तुम्ही गेल्याची बातमी आली त्या दिवशी भांडारात बरण्यांच्या मागे बसून मी इतकी रडले की शिपायाने माझ्या घरी फोन केला. दोन्ही खरं आहे. यातला अर्थ काढायचं काम तुमचं होतं, आता कोण काढणार?

तुमची खोली आता शैलजाकडे आलीय. डॉक्टर झालीय ती, तुमच्या पट्टीचा नाद सोडून दुसऱ्या विषयात. बाराव्या दिवशी मी तो डबा तिच्या टेबलावर ठेवला. तिने झाकणं पाहिली, तुमचं अक्षर ओळखलं आणि खुर्चीत बसली.

"बाई, हे तुमच्याजवळ एवढी वर्षं होतं?"

"होतं."

"मी दोन वर्षं झुरत होते, आणि तुम्ही बोलल्या नाहीत?"

"ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं होतं. तुला सांगितलं नाही, तेवढं माझं चुकलं."

तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "उद्या करू. अर्क तुम्ही काढा."

असं तुमचं तेरावं झालं. कंगवा पीण्याचाच. कंगव्याच्या एकेका दाताखाली जेलची एकेक लेन. पहिल्या लेनमध्ये तुमची नळी. दुसरीत मोठ्या माणसाच्या पेशी, विष घालून, माझ्या हातच्या. तिसरीत त्याच पेशी, मुद्दाम विष न घालता. चौथीत बाळाच्या पेशी, त्याही विष न घालता. विषाविना अर्क काढताना माझा हात दोनदा बाटलीकडे गेला, इतकी सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म धुतली आणि ओली असतानाच तुमच्या खिडकीला लावली.

दुसऱ्या लेनमध्ये एकच पट्टी, वर, पूर्ण. पहिलीत, तिसरीत आणि चौथीत तुमचा शटरवाला. बाळातसुद्धा, सर. जिथे जिथे विष विसरलं तिथे तिथे तो हजर. शैलजा बाजूला सरली. "वाचा, बाई," म्हणाली. तिला ते वाक्य कुणाचं ते माहीत होतं. मला वाचवेना. मी नुसती तुमच्या जागी उभी राहिले.

त्याच नियतकालिकाला आम्ही एक छोटी टीप लिहून पाठवतो आहोत, पान दीड पान. लेखक दोन, शैलजा आणि मी. खाली आभार लिहायचे राहिले होते. तिने मला विचारलं, सरांचा उल्लेख कसा करायचा? आदरांजली वगैरे लिहू का? मी म्हटलं, मी सांगते तसं लिही. तिने टाइप केलं, वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

पहिल्या लेनमधला अर्क कैलासवासी सरांनी स्वतःच्या हाताने तयार केला होता. तांत्रिक साहाय्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

मूळ ओळ तुमचीच आहे, सर, माझ्यासाठी लिहिलेली, बापाच्या दुकानात लावलेली. मी नाव बदललं आणि एकच शब्द गाळला. 'उत्कृष्ट'.